वहीने लावलेला शोध

मे महिन्यात नागपूरचे ऊन अतिशय प्रखर असते. पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि घरोघरी कूलरची घरघर अखंड चालू असते. अशाच दिवसांत महाल भागातील एका घरी एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. घरातील सात वर्षांचा संगणक एखाद्या दिवशी पाऊण मिनिटात सुरू होई, तर एखाद्या दिवशी तीन-चार मिनिटे रेंगाळे. नेहमीच रेंगाळता, तर दुरुस्ती सोपी होती. परंतु त्याच्या वागण्यात नियम असा दिसेना. बाबांनी तो एकदा सीताबर्डीवरील दुरुस्तीच्या दुकानात नेला, तेव्हा तर तो गुणी मुलासारखा झटकन सुरू झाला! कारागीर हसला, आणि बाबा संगणक घेऊन परत आले.

मग घरात तर्कांना ऊत आला. शेजारचे काका म्हणाले, ''हा उन्हाचा प्रताप. माणसाला जिथे सोसवत नाही, तिथे यंत्राला कसे सोसेल?'' धाकटा म्हणाला, ''त्यात व्हायरस शिरला असणार!'' अखेर बाबांनी निर्णय दिला, ''येत्या रविवारी हार्ड डिस्क पुसून काढू आणि सारे नव्याने भरू. रोजची कटकट नको.''

इतका वेळ निमूटपणे भाजी निवडत असलेल्या आईचा हात थांबला. ती म्हणाली, ''अहो, त्यात सासूबाईंच्या ओव्या आहेत.''

क्षणभर कोणीच बोलले नाही. आजी दोन वर्षांपूर्वी निवर्तली होती. काटोलकडील माहेरी शिकलेल्या जात्यावरच्या ओव्या ती गात असे. तिच्या अखेरच्या दिवाळीत आईने त्या संगणकावर ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

ताई सातवीत शिकत होती. ती म्हणाली, ''बाबा, मला पंधरा दिवस द्या. तोवर काही पुसू नका. आणि सर्वांत आधी आजीच्या ओव्या दुसरीकडे उतरवून ठेवू.'' बाबांनी ते मान्य केले. त्याच संध्याकाळी ओव्यांची एक प्रत आईच्या मोबाइलवर व दुसरी पुण्याच्या मावशीकडे गेली. आजाराची परीक्षा करण्यापूर्वी मौल्यवान ठेव सुरक्षित करावी, हे पहिले शहाणपण झाले.

आता संगणक सुरू होतो म्हणजे नेमके काय होते, हे ताईने समजून घेतले. वीज बंद होताच संगणकाची रॅम ही तात्पुरती स्मृती पार कोरी होते. त्यामुळे कळ दाबली की यंत्राला सारे पहिल्यापासून आठवावे लागते. मदरबोर्डवरील एका लहान चिपमध्ये साठवून ठेवलेली आज्ञावली प्रथम जागी होते. ती स्मृती, कळफलक, डिस्क वगैरे जागच्या जागी आहेत ना, हे तपासते आणि पुढील आज्ञा कोठून घ्यायच्या ते शोधते. हा पहिला टप्पा. तद्नंतर हार्ड डिस्कवरील मुख्य प्रणाली रॅममध्ये उतरू लागते. हार्ड डिस्कमधील तबकड्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, आणि त्यांवरील मजकूर वाचावयास वेळ लागतो. हा दुसरा टप्पा.

''म्हणजे विलंब कोणत्या टप्प्यात होतो, हे आधी पाहिले पाहिजे,'' ताई धाकट्याला म्हणाली. तिने एक कोरी वही घेतली व तीत रकाने आखले : तारीख, वेळ, पहिल्या टप्प्याचे सेकंद, दुसऱ्या टप्प्याचे सेकंद, आदल्या दिवशी काय घडले, संगणकाला काय काय जोडलेले होते. पडद्यावरील कंपनीचे चिन्ह नाहीसे होईपर्यंत पहिला टप्पा मोजायचा आणि तेथून पुढे दुसरा, असे ठरले. सकाळी सातला व दुपारी तीनला संगणक सुरू करून दोघे घड्याळ लावीत. पहिल्या दोन दिवसांत काहीच न घडल्यामुळे धाकटा कंटाळला. ''आज लिहायचे काय? सारे ठीकच तर आहे!'' तो म्हणाला. ताई म्हणाली, ''ठीक होते, हेच लिही. चांगले दिवस लिहिले नाहीत, तर वाईट दिवसांचे वेगळेपण कसे कळेल?''

यंत्राच्या दोषांची अशी नोंद ठेवण्याची पद्धत संगणकाइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मार्क-दोन नावाचा खोलीभर पसरलेला संगणक होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी तो नीट चालेना, म्हणून तंत्रज्ञांनी त्याची तपासणी केली, तेव्हा एका विजेच्या रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. त्यांनी तो काढून चिकटपट्टीने नोंदवहीतच चिकटवला व शेजारी वेळ लिहून ठेवली. ती वही अद्याप जतन करून ठेवलेली आहे. यंत्रातील दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची चाल त्याहून जुनी. त्या दिवशी मात्र खराखुरा किडा हाती लागला!

पंधरा दिवसांत वहीत तीस नोंदी झाल्या. एरवी पहिल्या टप्प्याला आठ सेकंद व दुसऱ्याला सुमारे चाळीस सेकंद लागत. पाच वेळा मात्र संगणक रेंगाळला होता, आणि त्या पाचही वेळा सकाळच्या होत्या. काकांचा उन्हाचा तर्क येथे डळमळला. अतिशय तापलेला प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी आपला वेग कमी करतो, हे खरे. पण मग भर दुपारी विलंब व्हावयास हवा होता. तसा तो एकदाही झाला नव्हता.

पुढे ताईने त्या पाच नोंदी शेजारी शेजारी मांडल्या आणि ती चकित झाली. तीन वेळा विलंब दुसऱ्या टप्प्यात होता, तर दोन वेळा पहिल्या टप्प्यात! दोष एक नव्हता; दोन होते. दोन निराळ्या दोषांचे लक्षण एकच दिसत असल्यामुळे कोणताही एक तर्क सर्व दिवसांना लागू पडत नव्हता.

दुसऱ्या टप्प्यातील तीनही विलंबांच्या आदल्या संध्याकाळी वळवाचे वादळ होऊन वीज गेली होती, आणि संगणक चालू असतानाच बंद पडला होता. संगणक रीतसर बंद केला, तर पुष्कळ यंत्रे आपल्या प्रणालीची काही तयारी डिस्कवर लिहून ठेवतात व पुढच्या वेळी लवकर सुरू होतात. वीज अकस्मात गेली की ते लिहिणे राहून जाते. मग सारी मांडामांड नव्याने करावी लागते आणि डिस्कवरील अर्धवट नोंदीही तपासाव्या लागतात.

पहिल्या टप्प्यातील दोन्ही विलंबांच्या वेळी संगणकाला एक पेनड्राइव्ह जोडलेला होता. तो बाबांचा होता. कचेरीचे काम ते त्यातून घरी आणीत आणि कधी कधी तो तसाच विसरत. संगणक पुढील आज्ञा प्रथम त्या पेनड्राइव्हमध्ये शोधी, त्या तेथे न मिळाल्यावर मगच हार्ड डिस्ककडे वळे.

ताईने वही बाबांपुढे ठेवली. बाबांनी ती दोनदा वाचली. मग ते म्हणाले, ''म्हणजे मी डिस्क पुसणार होतो, आणि चूक माझ्याच खिशातली निघाली!''

''अजून निघालेली नाही, बाबा,'' ताई म्हणाली. ''आता प्रयोग करून पाहू.''

तीन वेळा पेनड्राइव्ह लावून व तीन वेळा काढून संगणक सुरू करण्यात आला. लावलेला असता प्रत्येक वेळी विलंब झाला. काढल्यावर एकदाही झाला नाही. मग शोधाचा क्रम बदलून हार्ड डिस्कला पहिला मान देण्यात आला, आणि तो विलंब कायमचा थांबला. धाकटा उत्साहाने म्हणाला, ''आता मुद्दाम वीज घालवून पाहू या!'' ताईने त्याला आवरले. चालू संगणकाची वीज तोडल्याने डिस्कवरील मजकुराला इजा होऊ शकते; तेव्हा तो प्रयोग करावयाचा नव्हता. त्याऐवजी बाबांनी यूपीएस आणला. वीज गेल्यावर संगणक रीतसर बंद करण्यापुरती सवड त्याने मिळते.

जून उजाडला. एका संध्याकाळी सोसाट्याचा वारा सुटला आणि वीज गेली. ताईने शांतपणे संगणक बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सारे कुटुंब घड्याळाकडे पाहत उभे होते. धाकट्याने आकडा वाचला, ''एकूण सत्तेचाळीस सेकंद!'' ताईने तो वहीत लिहिला. आईने पुढे होऊन कळ दाबली, आणि जात्याच्या घरघरीबरोबर आजीचा आवाज घरभर पसरला.

स्वाध्याय

१. दुकानात संगणकाचा दोष का सापडला नाही?
२. चांगल्या दिवसांचीही नोंद ठेवण्याचे कारण ताईने काय सांगितले?
३. उन्हाचा तर्क कोणत्या पुराव्याने चुकीचा ठरला?
४. 'चूक अजून निघालेली नाही,' असे ताई का म्हणाली?
५. ताईने एक प्रयोग केला व एक टाळला. दोहोंची कारणे लिहा.
६. वाक्यांत उपयोग करा : ऊत येणे, ओस पडणे, डळमळणे.
७. तुमच्या घरातील कधी चालणाऱ्या व कधी न चालणाऱ्या एखाद्या वस्तूची सात दिवस नोंद ठेवा व काय आढळले ते दहा ओळींत लिहा.