पाठ १४ : घरासाठी इलेक्ट्रॉनिक डार्टबोर्ड

वाचण्याआधी : १ ते १०० आकडे एकदा मोठ्याने म्हणा. ५९, ६९, ७९ आणि ८९ यांपाशी अडखळलात तरी हरकत नाही. पाठात आकडे पुष्कळ आहेत, सराव होईल.

डिसेंबर आला की इंग्लंडमध्ये टीव्हीवर डार्ट्स सुरू होतं. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये जागतिक स्पर्धा भरते, ती नव्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत चालते. ३ जानेवारी २०२५ ला ल्यूक लिटलर तिथे जगज्जेता झाला, तेव्हा तो फक्त १७ वर्षांचा होता. असं काही पाहिलं की घरात मागणी सुरू होतेच : "बाबा, आपणपण डार्टबोर्ड घेऊया ना!"

तुमच्या घरी हे बोलणं चाललं असेल, तर खरेदीच्या आधी हा पाठ वाचा. आणि जमलं तर बाबांनाही वाचून दाखवा.

बोर्ड मुख्यतः दोन जातींचे. पहिला जुना, पबमध्ये असतो तो. तो सिसलच्या धाग्यांचा बनलेला असतो. सिसल ही घायपाताच्या कुळातली वनस्पती. घायपात तुम्ही पाहिलं नसेल, पण गावाकडे वाढलेल्या आजी-आजोबांना विचारा. शेताच्या बांधावर जाड, लांब आणि टोकाला काटा असलेल्या पानांची झुडपं असतात ना, तेच ते. त्याच्या पानांतल्या धाग्यांचे दोर वळतात. डार्टबोर्डमध्ये असेच धागे घट्ट दाबून बसवलेले असतात. पोलादी टोकाचा डार्ट दोन धाग्यांच्या मधे शिरतो. तो उपटून काढला की धागे पुन्हा जवळ येतात, म्हणून भोक राहत नाही. गुण मात्र आपले आपणच मोजायचे.

दुसरा बोर्ड इलेक्ट्रॉनिक. याचा जन्म अमेरिकेतला : इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डच्या अरॅक्निड या कंपनीने १९७० च्या दशकात असा बोर्ड आणला, आणि मग तो तिथल्या बारमध्ये पसरला. हा बोर्ड प्लॅस्टिकचा असतो. त्यावर चाळणीसारखी बारीक भोकं असतात आणि डार्टचं टोकही प्लॅस्टिकचंच असतं. टोक भोकात अडकतं आणि गुण लगेच पडद्यावर दिसतात.

मग कुठला घ्यायचा? याचं उत्तर दुकानात नाही, घरात आहे. घरात कोण खेळणार? तुमच्याबरोबर आठ वर्षांची बहीण आणि सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा खेळणार असतील, तर इलेक्ट्रॉनिक बरा. डार्ट चुकून जमिनीवर पडला तर लाकडी फरशीत भोक पडत नाही, आणि गुण मोजण्यावरून भांडणं होत नाहीत. पण तुम्हाला ब्रिटनमधल्या एखाद्या क्लबात जाऊन खेळायचं असेल, तर तिथे पोलादी टोकाचे डार्ट चालतात. मग घरीही सिसलच्याच बोर्डावर हात बसवलेला चांगला. अमेरिकेत तसं नाही. तिथे प्लॅस्टिक टोकाच्या डार्टच्या स्पर्धाही जोरात चालतात. (सिसलच्या बोर्डाभोवती कॅमेरे लावून गुण मोजणारी यंत्रंही आता मिळतात. ती महाग असतात. पहिल्या बोर्डासाठी तो खर्च मला तरी पटत नाही.)

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. प्लॅस्टिकचं टोक बोथट असलं तरी ते डोळ्याला मोठी इजा करू शकतं. एक जण डार्ट टाकत असताना बाकी सगळे त्याच्या मागे. डार्ट उपटायला पुढे जायचं ते तिन्ही डार्ट टाकून झाल्यावरच. घरात दोन-तीन वर्षांचं बाळ असेल, तर खेळ झाल्याबरोबर डार्ट उंच कपाटात गेले पाहिजेत. अगदी लहान मुलांसाठी चुंबकाचा बोर्ड मिळतो, तो वेगळा घ्या.

आता इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या आत काय असतं ते पाहू. हे कळलं की चांगला बोर्ड आणि नुसता चमकणारा बोर्ड यांतला फरकही कळतो.

बोर्डावर १ ते २० अंक असतात. प्रत्येक अंकाच्या पट्ट्यात चार तुकडे : दोन साधे, एक दुप्पट गुणांचा, एक तिप्पट गुणांचा. वीस चोक ऐंशी. मधोमध दोन तुकडे, बाहेरचा २५ चा आणि आतला ५० चा. झाले ८२. यातला प्रत्येक तुकडा म्हणजे एक बटणच असतं! डार्ट लागला की तुकडा किंचित मागे दाबला जातो. त्याच्या मागे दोन पातळ पापुद्रे असतात आणि त्यांवर वीज वाहणाऱ्या रेषा छापलेल्या असतात. दाब पडला की वरच्या पापुद्र्यावरची एक रेषा खालच्या पापुद्र्यावरच्या एका रेषेला टेकते. कुठल्या दोन रेषा टेकल्या यावरून यंत्राला तुकडा ओळखता येतो.

म्हणून बोर्ड घरी आला की भिंतीवर लावण्याआधी एक काम करा. तो टेबलावर ठेवा, चालू करा आणि सगळे ८२ तुकडे एकेक करून बोटाने दाबा. प्रत्येक वेळी बरोबर आकडा दिसतो का ते पाहा. दहा मिनिटं लागतील. काही तुकडे मुके निघाले, तर बोर्ड परत करण्याची मुदत संपायच्या आत दुकानात न्या. पुढे कधी खेळता खेळता एकच तुकडा बिघडला, तर बहुतेक वेळा डार्टचं तुटलेलं टोक आत अडकलेलं असतं. ते काढलं की काम झालं. पण बरेच तुकडे एकदम मुके झाले, तर दोष आतल्या रेषांचा किंवा त्यांच्या जोडणीचा असू शकतो. तो घरी सहज दुरुस्त होत नाही.

टोकं तुटतातच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. जास्तीची टोकं बोर्डाबरोबरच मागवून ठेवा. जड डार्ट वापरले की टोकं जास्त तुटतात. किती वजनाचे डार्ट चालतील ते खोक्यावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. आणि पोलादी टोकाचा डार्ट या बोर्डावर कधीही टाकायचा नाही, गंमत म्हणूनही नाही.

दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे तुकड्यांच्या मधली जाळी. ही जाळी जाड असली की डार्ट तिच्यावर आपटून खाली पडतात. नवशिक्या माणसाला वाटतं, आपलाच नेम चुकतोय. खरं तर नेम बरा असतो, बोर्ड स्वस्तातला असतो. तेव्हा जाळी जितकी बारीक तितकं चांगलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत खेळांची भलीमोठी संख्या छापलेली असते. तिला भुलू नका. वर्षभरात तुम्ही तीन-चारच खेळ खेळाल. त्यापेक्षा पडद्यावरचे आकडे केवढे आहेत ते पाहा. आजोबांना आठ फुटांवरून चष्म्यातून दिसले पाहिजेत ना!

बोर्डाच्या मापाकडेही लक्ष द्या. काही बोर्डांचा खेळण्याचा भाग साधारण ३४ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे पबमधल्या बोर्डाएवढा. काहींचा साडेपंधरा इंच, म्हणजे ३९ सेंटिमीटरच्या वर. मोठ्यावर नेम लागणं सोपं. पण पुढे सिसलच्या बोर्डाकडे वळायचा विचार असेल, तर लहान माप घ्या.

भिंत निवडताना घाई करू नका. दाराच्या मागची भिंत नको, कोणीतरी दार उघडेल आणि समोर डार्ट येईल. शेजाऱ्यांची आणि तुमची मिळून एकच भिंत असेल, तर तीही नको. इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा आवाज सिसलच्या बोर्डापेक्षा जास्त होतो. यंत्राचं बोलणं बटणाने बंद करता येतं, पण प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक आपटल्याचा ठक-ठक आवाज कुठल्याच बटणाने थांबत नाही. भिंतीवर टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर आतला लाकडी खांब शोधून त्यातच स्क्रू बसवा. घर भाड्याचं असेल, तर भोक पाडण्याआधी मालकाला विचारा. त्याची परवानगी नसेल, तर जमिनीवर उभा राहणारा स्टँड घ्या.

बोर्डाचा मध्य जमिनीपासून १७३ सेंटिमीटर उंच हवा. उभं राहण्याची रेषा पोलादी टोकांसाठी २३७ सेंटिमीटरवर असते, आणि प्लॅस्टिक टोकांच्या खेळात बऱ्याच ठिकाणी ८ फुटांवर, म्हणजे २४४ सेंटिमीटरवर. हे अंतर भिंतीपासून मोजायचं नाही, बोर्डाच्या समोरच्या बाजूपासून मोजायचं. इलेक्ट्रॉनिक बोर्ड जाड असतो आणि भिंतीपासून बराच पुढे येतो. एका दोरीला किल्ली बांधा, दोरी बोर्डाच्या पुढच्या कडेला धरा. किल्ली जमिनीला जिथे टेकेल तिथून मोजा.

अमेरिकेत घेतलेला बोर्ड भारतातल्या भावंडांना भेट द्यायचा असेल, तर त्याच्या चार्जरवर '१०० ते २४० व्होल्ट' असं लिहिलंय का ते बघा. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, भारतात २३० ची. नुसता प्लग बदलून भागत नाही.

आता हिशोबाचं. माझ्या मते या खेळाची खरी मजा इथे आहे, आणि नेमकी तीच मजा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आपल्याकडून काढून घेतो. डार्ट्समध्ये ५०१ पासून सुरुवात करून शून्यापर्यंत उतरायचं असतं. बोर्ड वजाबाकी करतो आणि उत्तर सांगतो. अनेक बोर्ड बोलतातही, पण इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये. त्यांना मराठी येत नाही. तेव्हा त्यांना गप्प करा, पडद्यावर एक रुमाल टाका आणि आकडे तुम्ही पुकारा :

"किती पडले गं?"
"विसाची तिप्पट, मग साधे वीस, मग पाच."
"वीस त्रिक साठ. साठ आणि वीस ऐंशी, आणि पाच, पंच्याऐंशी."
"पाचशे एकातून पंच्याऐंशी गेले..."
"चारशे सोळा!"
"रुमाल काढ, बघू बरोबर आहे का."

आता बोर्ड नुसता परीक्षक झाला. आजी-आजोबांना पाढे पाठ असतात, त्यामुळे या खेळात नेम नसला तरी त्यांना मान असतो.

आणखी एक गंमत. सगळे २० वर नेम धरतात, पण २० च्या एका बाजूला १ आहे आणि दुसऱ्या बाजूला ५. तीन डार्ट टाकले आणि एक २० वर, एक १ वर, एक ५ वर गेला, तर गुण मिळतात सव्वीस. आता डावीकडच्या १४ कडे पाहा. त्याच्या शेजारी ११ आणि ९ आहेत. तिथे तसंच झालं तर चौतीस मिळतात. हात बसेपर्यंत १४ वर टाका. कोणी हसलं तर बेरीज करून दाखवा.

शेवट दुप्पट गुणांच्या तुकड्यावरच करायचा, असा नियम आहे. घरगुती बोर्डावर हा नियम वेगळा चालू करावा लागतो, म्हणून माहितीपत्रक वाचा. अनुभवी खेळाडूंना शेवटी ३२ उरलेले आवडतात. का? सोळा दुणे बत्तीस, म्हणून ते १६ च्या दुप्पटवर नेम धरतात. चुकून साधे १६ लागले तर १६ उरतात, आणि आठ दुणे सोळा. पुन्हा चुकून साधे ८ लागले तर ८ उरतात, आणि चार दुणे आठ. मग ४, मग २. प्रत्येक वेळी निम्मे होतात आणि दुप्पटचा रस्ता उघडाच राहतो. ३१ उरले तर असं होत नाही, कारण ३१ कुठल्याच आकड्याची दुप्पट नाही. आधी एखादा विषम आकडा मारून मगच शेवट करता येतो.

नवे शब्द
नेम : ज्यावर मारायचं त्यावर नजर आणि हात स्थिर करणं. 'नेम धरणे', 'नेम लागणे', 'नेम चुकणे'.
घायपात : जाड, लांब पानांची वनस्पती. तिच्या धाग्यांचे दोर होतात.
पापुद्रा : पातळ थर. पोळीलाही पापुद्रा असतो.
हात बसणे : सरावाने एखादं काम सहज जमू लागणं.
निम्मे : अर्धे.

करून बघा
१. तुमच्याकडे ५०१ आहेत. १९ ची तिप्पट, साधे १९ आणि ३ पडले. किती पडले आणि किती उरले? उत्तर अक्षरांत लिहा.
२. ४० उरलेत. नेम कुठे धराल? चुकून साधे २० लागले तर पुढे कुठे?
३. तुमच्या घरातली कुठली भिंत निवडाल? दाराची आणि शेजाऱ्यांची अडचण लक्षात घेऊन पाच वाक्यं लिहा.
४. आजी किंवा आजोबांना फोन करा. लहानपणी ते नेमाचा कुठला खेळ खेळायचे, आणि त्यात गुण कसे मोजायचे, ते विचारून पुढच्या वर्गात सांगा.