चौघांची एक रांग

मुंबई-पुणे सायकल शर्यत पनवेलवरून पुढे खोपोलीकडे आणि तिथून बोरघाटात शिरते, हे रायगड जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. घाट सर्वांच्या आधी चढून जाणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो. त्या शर्यतीत मैलामैलाला रस्ता बदलतो, कधी चढ लागतो तर कधी उतार. पण सायकलींची आणखी एक शर्यत आहे, जिच्यात रस्ता कुठेच जात नाही. एका अंडाकृती मार्गावर स्वार फेऱ्यांमागून फेऱ्या घालतात. अशा मार्गाला ‘वेलोड्रोम’ म्हणतात.

समजा, कामोठ्याच्या एखाद्या शाळेतल्या पाच-सहा विद्यार्थ्यांनी या शर्यतीसाठी हौशी संघ काढायचे ठरवले. पहिली अडचण लगेच पुढे येते. कामोठ्यात वेलोड्रोम नाही. त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे पुण्याजवळ बालेवाडीचा. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी तिथे जे शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले, त्यातच तो आहे. कामोठ्याशेजारच्या कळंबोलीहून निघणारा द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरांवर किवळ्याला संपतो आणि तिथून बालेवाडी फार लांब नाही. मात्र या मार्गावर सायकल चालवायला मनाई आहे. तेव्हा सायकलपटूंनी सायकली टेम्पोत घालून जायचे! रोज हे जमणार नाही. महिन्यातून एकदोन फेऱ्या झाल्या तरी पुष्कळ. म्हणून मार्गावर काय शिकायचे आणि घरी काय शिकून जायचे, याचा विचार आधीच करायला हवा. तो करायचा तर या शर्यतीमागचे पदार्थविज्ञान समजून घ्यावे लागते.

प्रथम मार्ग पाहू. ऑलिंपिकमध्ये वापरतात तो वेलोड्रोम २५० मीटरांचा असतो. दिल्लीला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेला मार्ग याच मापाचा, लाकडी आणि छपराखालचा आहे. फुटबॉलच्या मोठ्या मैदानाहून थोड्याच जास्त जागेत तो मावतो. साहजिकच त्याची वळणे फार आखूड असतात. त्रिज्या २२ मीटर धरू. वळणावर स्वाराला वर्तुळाच्या केंद्राकडे खेचणारे बल लागते. सपाट रस्त्यावर ते टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातून मिळते. पण ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर वेगाने एवढे आखूड वळण घ्यायचे, तर घर्षण पुरत नाही आणि सायकल बाहेरच्या बाजूला घसरते. म्हणून मार्गच आतल्या बाजूला कलता बांधतात. घर्षणाची मुळीच मदत न घेता वळण घेता यावे असा कल हवा असेल, तर त्या कोनाचा टॅन काढण्यासाठी वेगाचा वर्ग करावा आणि त्याला त्रिज्या व गुरुत्व त्वरण यांच्या गुणाकाराने भागावे. आपल्या उदाहरणात १३.९ चा वर्ग १९३. त्याला २२ गुणिले ९.८, म्हणजे २१५.६ ने भागले की ०.९० येतात. टॅन ०.९० असलेला कोन ४२ अंशांचा. २५० मीटरांच्या वेलोड्रोमच्या वळणांवर कल साधारण एवढाच असतो. घराच्या जिन्याचा चढ सहसा यापेक्षा कमी असतो, यावरून ती भिंत किती उभी दिसत असेल याची कल्पना येईल.

नवशिक्या मुलाला वाटते की अशा भिंतीवर हळूहळू जाणे बरे. उलट, हळू जाणेच धोक्याचे. ताशी ५० किलोमीटरला स्वार मार्गाशी अगदी काटकोनात असतो आणि टायरला आडवा ताण बसत नाही. वेग २० वर आला तर हेच सूत्र स्वाराला फक्त ८ अंश कलायला सांगते. मार्ग ४२ अंश आणि स्वार ८ अंश, तेव्हा उरलेल्या ३४ अंशांचा भार घर्षणावर पडतो. टायर जरा ओला किंवा धुळीचा असला की सायकल खाली घसरते. ताशी ३० च्या पुढे हा फरक २४ अंशांहून कमी होतो आणि टायर पकड सोडत नाही. म्हणून पहिल्या दिवशी मुलांना खालच्या सपाट पट्टीवर वेग घेऊ देतात आणि मगच वर चढवतात. वळणात आणखी एक अनुभव येतो. ४२ अंशांच्या वळणावर ६० किलोच्या मुलाचा भार सायकलीवर ८१ किलोंसारखा पडतो. हात ढिले ठेवून बसलेल्या मुलाची छाती हँडलकडे दाबली जाते.

सायकलही निराळी असते. तिला ब्रेक नसतात आणि फ्रीव्हील नसते. मागचे दातेरी चक्र चाकाला पक्के बसवलेले असते. चाक फिरते तोवर पेडल फिरतेच. ब्रेक नसणे ऐकायला भयंकर वाटते, पण मार्गावर सर्वजण एकाच दिशेने जातात आणि कोणालाही एकाएकी थांबता येत नाही, त्यामुळे मागच्याला पुढच्यावर भरवसा ठेवता येतो. हे फक्त वेलोड्रोमपुरते खरे. अशी सायकल शीव-पनवेल महामार्गावर, किंवा कामोठ्याच्या सेक्टरांतल्या रस्त्यांवरही, कोणी नेऊ नये.

आता मूळ शर्यतीकडे वळू. तिला सांघिक पाठलाग म्हणतात. अंतर चार किलोमीटर, म्हणजे २५० मीटरांच्या सोळा फेऱ्या. चारचार स्वारांचे दोन संघ मार्गाच्या समोरासमोरच्या बाजूंवरून निघतात आणि एकमेकांचा पाठलाग करतात. संघाची वेळ ठरते ती तिसऱ्या स्वाराच्या पुढच्या चाकाने रेषा ओलांडल्यावर. पहिल्याची वेळ विचारात घेतच नाहीत. चौथा वाटेत सुटला तरी चालतो. हा एवढासा नियम सगळ्या संघबांधणीच्या मुळाशी आहे.

सपाट मार्गावर वेगाने जाणाऱ्या सायकलपटूची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यातच खर्च होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ताशी ५० किलोमीटरने रांगेच्या पुढे असलेल्या स्वाराला सुमारे ३४० वॅट लागतात असे धरू. त्याच्या मागे चाकाला चाक लावून येणारा त्याने फोडलेल्या हवेतून जातो. त्याची जवळपास एकतृतीयांश शक्ती वाचते. त्याला २३० वॅट पुरतात. चौघांनी पाळीपाळीने पुढे यायचे ठरवले, तर प्रत्येकाची सरासरी पडते सुमारे २५७ वॅट. आता हेच २५७ वॅट देणारा एकटा स्वार किती वेगाने जाईल? २५७ ला ३४० ने भागून घनमूळ काढा. ०.९१ येईल, म्हणजे ताशी साडेपंचेचाळीस किलोमीटर. सुरुवातीचा वेग घेण्याचा काळ सोडून दिला, तर चार किलोमीटरांना एकट्याला ५ मिनिटे १६ सेकंद लागतील आणि तेवढ्याच ताकदीच्या चौघांना ४ मिनिटे ४८ सेकंद. अठ्ठावीस सेकंदांची ही कमाई निव्वळ रांगेची. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघाने हे अंतर ३ मिनिटे ४०.७३० सेकंदांत कापून विश्वविक्रम नोंदवला. उभ्याने सुरुवात धरूनही त्यांची सरासरी ताशी ६५ किलोमीटरांची होती.

पण पुढचा स्वार मागे कसा जातो? ब्रेक नाही, पेडल थांबवता येत नाही. इथे तो कलता मार्ग कामाला येतो, आणि माझ्या मते या खेळातला सर्वांत देखणा भाग हाच. वळण सुरू होताच पुढचा स्वार सायकल भिंतीवर वर नेतो. मार्गाच्या पृष्ठावरून दोन मीटर वर गेला, तर उंची मिळते सुमारे १.३ मीटर. त्याच्या गतिज ऊर्जेचा काही भाग स्थितिज ऊर्जेत जातो आणि वेग ताशी ५० वरून साडेसेहेचाळीसवर येतो. शिवाय तो केंद्रापासून दीड मीटर दूर गेलेला असतो, त्यामुळे त्याच्या वाटेचा कंसही लांबतो. तेवढ्यात उरलेले तिघे खालून निघून जातात. तिसऱ्याचे मागचे चाक दिसले की तो खाली उतरतो. उतरताना साठवलेली ऊर्जा परत मिळते, वेग पुन्हा ५० होतो, आणि तो रांगेच्या शेपटाला चिकटतो. ऊर्जा कुठे वाया गेली नाही की ब्रेकमध्ये जळली नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवताना शिक्षक झोक्याचे उदाहरण देतात. त्यांनी हेही द्यावे.

अर्थात हे साधले तर. तो खाली यायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर रांग सात मीटर पुढे गेलेली असते. मधल्या मोकळ्या हवेत त्याला २३० ऐवजी ३४० वॅट लावावे लागतात, तेही नुकतीच पुढची पाळी संपवून दमलेला असताना.

म्हणून संघ निवडताना सगळ्यांत जोरकस चौघे घ्यावेत असे जे वाटते, ते बरोबर नाही. समजा, एकजण इतरांहून पुष्कळ दणकट आहे. त्याची पाळी आली की उत्साहाने तो वेग ५० चा ५२ करतो. दोन किलोमीटर म्हणजे काय मोठे! पण ५२ ला ५० ने भागून घन करा, १.१२५ येतील. मागच्या प्रत्येकाला साडेबारा टक्के जास्त शक्ती लावावी लागते; २३० चे २५९ वॅट होतात. सर्वांत हाल होतात ते नुकत्याच मागे गेलेल्याचे, कारण त्याला शेपूट गाठायचे असते नेमके त्याच क्षणी रांग पळू लागते. तो सुटला की उरलेल्यांच्या पाळ्या लवकर येतात. मग दुसराही सुटतो, आणि तिसऱ्याच्या वेळेवर निकाल असल्यामुळे शर्यत तिथेच हातची जाते. दणकट स्वाराने वेग वाढवायचा नसतो, पाळी लांबवायची असते. इतर अर्धी फेरी ओढत असतील तर त्याने एक किंवा दीड फेरी ओढावी. अशक्ताने लहान पाळी घ्यावी, आणि त्यात कमीपणा मानू नये.

याचे मोजमाप घड्याळाने होते. ताशी ५० किलोमीटरला २५० मीटरांची फेरी बरोबर १८ सेकंदांत पुरी होते. प्रत्येक उमेदवाराला एकट्याने आठ फेऱ्या घालायला लावून प्रत्येक फेरीची वेळ लिहून ठेवावी. सुरुवातीला ताशी ४० चा, म्हणजे साडेबावीस सेकंदांचा वेग पुरे. ज्याच्या फेऱ्या २१, २२, २४, २५ अशा पडतात त्याच्यापेक्षा ज्याच्या आठही फेऱ्या साडेबावीसच्या आसपास पडतात, तो रांगेत अधिक उपयोगी. शर्यतीत प्रशिक्षक कडेला उभा राहून एक गमतीची युक्ती करतो. संघ ठरलेल्या वेळेच्या पुढे असेल तर तो रेषेपासून काही पावले एका बाजूला सरकतो, मागे असेल तर दुसऱ्या बाजूला. ओरडलेले ऐकू येत नाही, पण तो कुठे उभा आहे हे दिसते.

कामोठ्यात राहून करण्यासारखेही पुष्कळ आहे. आपल्या सायकलीच्या पुढच्या आणि मागच्या चक्राचे दात मोजा. पुढे ४८ आणि मागे १५ असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक ३.२ वेळा फिरते. चाकाचा परीघ २.१ मीटर असेल तर सायकल ६.७२ मीटर पुढे जाते. या मापाने ताशी ५० किलोमीटरला मिनिटात १२४ वेळा पेडल फिरवावे लागते, म्हणजे पंधरा सेकंदांत ३१ वेळा. तीन दंडगोलांच्या रोलरवर जागच्या जागी सायकल चालवून हा ताल अंगी बाणवता येतो. कोकणातल्या पावसाळ्यात ते बरेच पडते, कारण उघड्यावरचे वेलोड्रोम ओले असताना वापरता येत नाहीत. शाळेच्या मैदानावर साध्या, ब्रेक असलेल्या सायकलींवर, डोक्याला हेल्मेट घालून, दोनदोन मीटर अंतर ठेवून रांगेत चालण्याचा आणि पाळी बदलण्याचा सराव करावा. चाकाला चाक लावणे मात्र प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आणि वेलोड्रोमवरच. स्पर्धेत उतरायचे तर जिल्हा व राज्य सायकलिंग संघटनेकडे नोंदणी लागते, तीही वेळेवर करावी.

हे सगळे शहरातल्या श्रीमंतांचे खेळ असे कोणी म्हणेल. भारताचे सायकलपटू १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये लंडनच्या हर्न हिल वेलोड्रोमवर उतरले होते. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांत, त्याच लंडन शहरात, महिलांच्या सांघिक वेगशर्यतीत भारताच्या तिघींपैकी दोघी, मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे, भंडारा जिल्ह्यातल्या होत्या.

जाता जाता एक गणित. उघड्यावरचे पुष्कळ वेलोड्रोम ३३३.३३ मीटरांचे असतात. वळणाची त्रिज्या ३५ मीटर धरून ताशी ५० किलोमीटर वेगाला किती अंशांचा कल लागेल ते काढा. उत्तर ३० अंशांच्या जरा अलीकडे यायला हवे. फेरी किती सेकंदांची होईल, तेही पाहा.