बायोस : जुन्या संगणकाची पहिली ओळख

आपल्या खानदेशांतील उन्हाळा किती कडक असतो हें जळगांव-धुळ्याच्या मुलांस सांगावयास नको. मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे झुकतो, शाळेस सुटी लागते, आणि संगणकांच्या खोलीचा विजेचा मुख्य खटकाही आम्ही बंद करितों. अशाच एका सुटीनंतर आमच्या खोलींतील सर्वांत जुनें यंत्र सुरू केलें, तों पडद्यावर 'सीमॉस चेकसम एरर' अशी सूचना उमटली. तारीख कित्येक वर्षें मागें गेली होती, आणि विंडोज सुरूच होईना. "आतां हें भंगारांत काढावें," असें मत पडलें. परंतु मुलांचे तीन वर्षांचे प्रकल्प त्याच यंत्रांत होते. तेव्हां कारण शोधणें प्राप्त झालें.

संगणकास वीज मिळतांच प्रथम जागा होतो तो बायोस. मदरबोर्डवरील एका चिपमध्यें ही लहानशी आज्ञावली असते. स्मृति, कीबोर्ड, हार्ड डिस्क हीं जागच्या जागीं आहेत कीं नाहींत हें ती तपासते आणि मग पुढील कारभार विंडोजच्या हातीं सोंपविते. बायोस हें नांव गॅरी किल्डल यांनीं १९७५ मध्यें आपल्या सीपीएम या प्रणालींत योजिलें. नव्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआयनें घेतली आहे.

ही आज्ञावली वीज गेली तरी पुसली जात नाहीं. तारीख, वेळ व आपण केलेल्या निवडी मात्र सीमॉस नांवाच्या वेगळ्या, छोट्या स्मृतींत राहतात. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीपासून ही स्मृति बॅटरीच्या आधारानें टिकविली जाऊं लागली. आमच्या यंत्रांतील बॅटरी नाण्यासारखी, ३ व्होल्टची होती. तिच्यावर 'सीआर २०३२' असें लिहिलेलें असतें. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, व ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. लांब सुटींत सारा भार तिच्यावरच पडतो. म्हणून तिचा अशक्तपणा सुटीनंतर उघडा पडतो.

आम्ही विजेची तार काढली, पेटीच्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर वीज घालविली व नवी बॅटरी बसविली. (काढलेली बॅटरी धाकट्या भावंडांच्या हातीं लागूं देऊं नये, गिळल्यास जिवावर बेततें.) यंत्र सुरू होतांच 'डिलीट' कळ वारंवार दाबली; कांहीं यंत्रांत 'एफ २' दाबावी लागते. बायोसचें निळें पान उघडलें. तेथें माऊस चालेना. बाणांच्या कळांनीं फिरलों. प्रथम तारीख व वेळ नीट केली. हें क्षुल्लक समजूं नका. तारीख चुकली कीं सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची मुदत जुळत नाहीं, आणि तीं उघडत नाहींत. मग बूटक्रमांत हार्ड डिस्क पहिली ठेविली व 'एफ १०' दाबून सर्व जतन केलें.

तरीही विंडोज सुरू होईना! आमची मति कुंठित झाली. तेव्हां नववींतील एका मुलीनें आपली वही पुढें केली. मागील वर्षीं बायोसचा धडा चालला असतां तिनें प्रत्येक पानावरील निवडी उतरून घेतल्या होत्या. वहींत 'साटा मोड : एएचसीआय' असें होतें, पडद्यावर 'आयडीई'. बॅटरी संपतांच यंत्र कारखान्याच्या मूळ निवडींवर परतलें होतें, आणि विंडोजला आपली डिस्क वाचतां येईना. एवढा एक शब्द बदलला, आणि सारे प्रकल्प जसेच्या तसे सांपडले.

यावरून ध्यानांत ठेवावें कीं, बदल करण्यापूर्वीं मूळ निवड लिहून घ्यावी, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि जी समजत नाहीं तिला हात लावूं नये. गोंधळ झालाच तर जतन न करतां बाहेर पडावें. पालकांसही एक विनंति : घरचा जुना संगणक भंगारवाल्यास देण्यापूर्वीं त्याची तारीख एकदां पाहावी. कदाचित् त्यास केवळ एका बॅटरीची आणि एका नीटनेटक्या वहीची गरज असेल.