नॅनोग्रॅमभर मूलद्रव्याचा वेध
आइनस्टाइनियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य १९५२ मधील हायड्रोजन बाँबच्या चाचणीच्या अवशेषांत प्रथम आढळले. अणुभट्टीत ते अत्यल्प प्रमाणात तयार होते आणि संशोधनासाठी वापरलेला त्याचा समस्थानिक सुमारे २७६ दिवसांत निम्मा उरतो. त्यामुळे त्याचे रसायनशास्त्र दीर्घकाळ अज्ञात राहिले.

बर्कले प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २५० नॅनोग्रॅमहूनही कमी आइनस्टाइनियम स्टॅनफर्ड येथील सिंक्रोट्रॉनच्या प्रखर क्ष-किरणांनी तपासले. किरणांची ऊर्जा क्रमाने वाढविली असता विशिष्ट ऊर्जेला अणू ते शोषतात व स्वतःचे वैशिष्ट्यपूर्ण क्ष-किरण उत्सर्जित करतात. विरल नमुन्यातील शोषण थेट मोजणे अवघड असल्याने हे उत्सर्जनच मोजतात. त्यातील चढउतारांवरून शेजारच्या अणूंचे अंतर कळते. ऑक्सिजनचे अंतर सुमारे २·३८ अँगस्ट्रॉम असल्याचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.