नृत्यशिक्षक होताना : काय करावे, काय टाळावे

धाराशिव जिल्ह्यात कथक, भरतनाट्यम किंवा लोकनृत्य शिकवू पाहणाऱ्यांसाठी

काय करावे

*स्वतःचे शिक्षण*

- वर्ग सुरू केला तरी स्वतःच्या गुरूंकडचा तास चालू ठेवा.
- विद्यार्थी येण्याआधी आपला रियाज उरका. शिकवताना झालेली हालचाल रियाज ठरत नाही.
- अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत क्रमाने द्या, मग अलंकारची तयारी धरा.
- विद्यापीठाची पदवी हवी असल्यास पुण्याच्या ललित कला केंद्रातील प्रवेशाची माहिती वेळेत घ्या.
- छत्रपती संभाजीनगरच्या महागामी गुरुकुलातील कार्यशाळा आणि शार्ङ्गदेव समारोह यांच्या तारखा कळताच त्या दिवसांची सुट्टी वर्गात जाहीर करा.
- वय 18 ते 25 असेल तर केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या युवा कलाकार शिष्यवृत्तीसाठी अर्ज करा.
- तबल्याचे बोल आणि ठेके शिका. 16 मात्रांचा त्रिताल, 10 मात्रांचा झपताल आणि 7 मात्रांचा रूपक हातावर धरता आलाच पाहिजे.
- अनुभवी शिक्षकांचा तास परवानगी घेऊन मागे बसून पाहा आणि ते चूक कशी सुधारतात ते टिपा.
- कॅमेरा स्वतःवर रोखून आपल्या एखाद्या तासाचे चित्रीकरण महिन्यातून एकदा पाहा. आपण किती बोलतो आणि किती करून घेतो ते कळते.

*ग्रंथ, शिल्पे, नोंदी*

- ‘अभिनयदर्पण’ वाचा आणि त्यातील 28 असंयुत हस्त विनियोगासह पाठ करा.
- ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाचा सातवा, नर्तनाचा अध्याय समजून घ्या. शार्ङ्गदेवांनी तो 13व्या शतकात आपल्याच मराठवाड्यात, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला.
- 1947 साली पुण्यात ‘नृत्यभारती’ सुरू करणाऱ्या रोहिणी भाटे यांचे ‘माझी नृत्यसाधना’ मिळवून वाचा.
- भरतनाट्यम शिकवणार असाल तर तंजावरच्या सरफोजीराजांच्या मराठी रचना आणि त्यांवरचे आचार्य पार्वतीकुमार यांचे काम अभ्यासा.
- औरंगाबाद लेण्यांतील सातव्या लेण्यात नर्तिका आणि वादक स्त्रियांचे शिल्प आहे; ते विद्यार्थ्यांना नेऊन दाखवा.
- वेरूळचा नृत्यरत शिव पाहा, तसेच उमरगा आणि माणकेश्वर येथील मंदिरांवरच्या मूर्तींचे हात, पाय, कटी वहीत रेखाटा.
- स्वतःची प्रत्येक रचना ताललिपीत लिहा किंवा चित्रित करा. 1957च्या कायद्यानुसार लिहून किंवा अन्य रीतीने टिपून ठेवलेल्या नृत्यरचनेलाच कॉपीराइट मिळतो.

*जिल्ह्यातली लोककला*

- तुळजाभवानीचा गोंधळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहा आणि संबळाची लय कानात मुरू द्या.
- येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत आराध्यांची गाणी ऐका. गाणे आणि पाऊल एकमेकांना कसे धरून राहतात ते पाहा.
- बंजारा नृत्य तांड्यावरच्या जाणत्या बायकांकडून शिका आणि होळीच्या लेंगीचा अर्थ त्यांच्याच तोंडून ऐका.
- हलगी किंवा ढोलकी वाजवणाऱ्या कलावंताला वर्गात बोलवा आणि ठरलेले मानधन त्याच दिवशी द्या.
- लोकनृत्य सादर करताना ते कोणाकडून शिकलात ते निवेदनात सांगा.

*वर्गात*

- आधी बोल पढंत करून घ्या, मग ताल हातावर, मग पायात.
- एका वेळी एकच चूक दाखवा आणि ती सुधारल्यावर लगेच सांगा.
- नवा तोडा ठाय लयीत पक्का झाल्यावरच दुगुनीत न्या.
- प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव घेऊन बोला आणि मागच्या ओळीला दर तासाला पुढे आणा.
- 10 ते 14 वयाच्या हुशार मुलांच्या पालकांना सीसीआरटीच्या सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्तीची माहिती द्या.
- दहावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, हे पालकांना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगा.

*शरीर आणि सुरक्षितता*

- तासाच्या आधी दहा मिनिटे अंग मोकळे करून घ्या आणि शेवटी ताण देऊन थंड करा.
- उन्हाळ्यात वर्ग सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर घ्या आणि पाण्यासाठी थांबण्याची वेळ ठरवून ठेवा.
- लहानांना 25 घुंगरांपासून सुरुवात करून द्या. वजन पायांच्या ताकदीप्रमाणे वाढवा.
- प्रथमोपचार शिका आणि बर्फ, क्रेप बँडेज हाताशी ठेवा.
- स्पर्श करून मुद्रा सुधारण्याआधी विद्यार्थ्याला विचारा.
- बालकावरील लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवा. 2012च्या पोक्सो कायद्याने ते बंधनकारक आहे. 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक भिंतीवर लावा.
- वर्ग शेवटच्या एसटीची वेळ पाहून संपवा आणि प्रत्येक मूल कोणाबरोबर गेले ते लिहून ठेवा.

*व्यवहार*

- फी, सुट्ट्या आणि परीक्षेचा खर्च पालकांना लेखी द्या.
- प्रत्येक पैशाची पावती द्या, पोशाखाचा हिशेबही दाखवा.
- मिळकतीतला ठरावीक भाग पुस्तके, प्रवास आणि कार्यशाळांसाठी दर महिन्याला बाजूला काढा.

काय टाळावे

*स्वतःचे शिक्षण*

- विशारद झाल्यावर शिक्षण पूर्ण झाले असे मानू नका.
- न दिलेल्या परीक्षेचे नाव पाटीवर लावू नका आणि दोन दिवसांच्या शिबिराला ‘प्रशिक्षण घेतले’ म्हणू नका.
- मोबाइलवर पाहिलेला तोडा स्वतः पक्का न करता दुसऱ्या दिवशी शिकवू नका.
- एका गुरूंची शैली शिकून दुसऱ्या घराण्याचे नाव लावू नका.
- लेहरा नेहमी यंत्रावरच लावू नका. वादकासोबत बसल्याशिवाय लय सांभाळायला येत नाही.
- विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर माहीत नसेल तर रचून सांगू नका; गुरूंना विचारून पुढच्या तासाला द्या.

*ग्रंथ, शिल्पे, नोंदी*

- श्लोक अर्थाशिवाय घोकून घेऊ नका.
- ऐकीव कथेला शास्त्राचा आधार म्हणून सांगू नका.
- शिल्पातली मुद्रा फोटोवरून बसवू नका. मूर्तीचा तोल समोर उभे राहिल्यावरच कळतो.
- दुसऱ्याची रचना आपल्या नावावर सादर करू नका.
- परीक्षेच्या तोंडी प्रश्नांची छापील उत्तरे वाटून अभ्यास संपवू नका.

*जिल्ह्यातली लोककला*

- पेटती दिवटी किंवा पोत मुलांच्या हातात देऊ नका.
- अंगात येण्याचा प्रसंग गॅदरिंगसाठी बसवू नका. ती कुणाची तरी श्रद्धा आहे.
- भाड्याचा घाघरा चढवून कोणत्याही गाण्याला बंजारा नृत्य म्हणू नका.
- शृंगाराची लावणी लहान मुलींकडून करून घेऊ नका.
- गोंधळी, आराधी, हलगीवादक यांना फुकट बोलावू नका आणि रंगमंचामागे ताटकळत ठेवू नका.
- पुण्यामुंबईत शिकलेले तेच शुद्ध आणि गावातले ते अडाणी, असा सूर लावू नका.

*वर्गात*

- लवकर रंगमंचावर आणण्याच्या घाईत अडवू आणि तत्कार अर्धवट सोडू नका.
- नोव्हेंबरपासून सगळे तास गॅदरिंगच्या गाण्यांना देऊ नका. निम्मा वेळ अभ्यासक्रमाचा राहू द्या.
- तयारी नसलेल्या विद्यार्थ्याला पालकांच्या आग्रहाखातर परीक्षेला बसवू नका.
- रंग, उंची किंवा वजन पाहून कोणाला मागे उभे करू नका.
- मुलगे नाचायला आले म्हणून त्यांना चिडवू देऊ नका. पहिल्याच टोमण्याला थांबवा.
- शिक्षा म्हणून उठाबशा किंवा जास्तीचा तत्कार देऊ नका. नृत्याची धास्ती बसते.
- एकाच विद्यार्थ्याला दरवर्षी मुख्य भूमिका देऊ नका.

*शरीर आणि सुरक्षितता*

- शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटवर उड्या आणि जोरकस तत्कार फार वेळ घेऊ नका. गुडघे आणि नडग्या दुखावतात.
- अरमंडी खाली जावी म्हणून खांद्यावर दाब देऊ नका.
- एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये सराव घेऊ नका.
- दुखत असताना ‘सहन कर’ म्हणू नका. मुलाला थांबवा आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवा.
- पाळीच्या दिवसांत मुलीने विश्रांती मागितली तर कारण सर्वांसमोर विचारू नका.
- एकट्या मुलाला बंद दाराआड शिकवू नका.
- पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलांचे व्हिडिओ कुठेही टाकू नका.
- अत्याचाराची तक्रार ‘घराची अब्रू’ म्हणून दाबू नका आणि पीडित मुलाचे नाव कोणापुढे उच्चारू नका.
- रात्री दहानंतर लाऊडस्पीकर लावून सराव घेऊ नका; कायद्याने मनाई आहे.

*व्यवहार*

- अमुक ठिकाणचाच पोशाख घ्या, अशी सक्ती करून त्यात कमिशन घेऊ नका.
- फी थकली म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे करू नका. पालकांशी वेगळे बोला.
- गुरुपौर्णिमेला भेटवस्तूंची यादी काढू नका.
- शेजारच्या वर्गाची निंदा करून विद्यार्थी मिळवू नका.
- पुढे शिकायला दुसरीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याची प्रमाणपत्रे अडवू नका. त्याच्यासाठी गुरू शोधायला तुम्हीच मदत करा.