पंचनाम्याआधी पुरलेली वगार

मध्य प्रदेशात वादळ, गारपीट, अतिवृष्टी यांनी झालेल्या हानीची मदत राजस्व पुस्तक परिपत्र 6-4 प्रमाणे मिळते. गोपालकाला ती मेलेल्या जनावरासाठी आणि पडलेल्या गोठ्यासाठी असते. वीज गेल्याने नासलेल्या दुधाला तिच्यात रकानाच नाही. कटंगीच्या गोपालकाला हा फरक बहुधा नुकसान झाल्यावर कळतो. प्रस्तुत लेखकालाही तसाच कळला.

वैशाखातल्या एका संध्याकाळी वादळात तारा तुटल्या, आणि दोन रात्री वीज आली नाही. धारेचे दूध चार अंशांपर्यंत थंड झाले नाही, तर उन्हाळ्यात चार-पाच तासांतच आंबू लागते. शीतकेंद्रातले यंत्रही बंद, त्यामुळे तिथे दूध घेतले गेले नाही. वादळाच्याच रात्री गोठ्याची भिंत कोसळून एक वगार दबून मेली. उन्हात वास सुटू नये म्हणून ती सकाळीच पुरली, आणि नासलेल्या दुधाचा अर्ज घेऊन लेखकाने तहसील गाठली. दुधाचा अर्ज तिथेच संपला. वगारीसाठी ना पटवाऱ्याचा पंचनामा होता, ना पशुवैद्याचे शवविच्छेदन. तिची मदतही हातची गेली.

राज्य आपत्ती निधीच्या 2022 ते 2026 या काळासाठीच्या केंद्रीय निकषांत दुभत्या गाई-म्हशीला 37,500 रुपये, बैलाला 32,000, वासरा-पारडाला 20,000 आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000 रुपये धरले आहेत. मोठी दुभती जनावरे एका कुटुंबामागे तीनपर्यंतच. म्हणून जनावर दगावले की ते जागेवरून हलवण्याआधी पटवाऱ्याला आणि पशुचिकित्सालयाला कळवावे. कानातला बारा अंकी बिल्ला काढू नये. बिल्ल्यासह फोटो घ्यावा, पडलेल्या भिंतीचाही घ्यावा. मन घट्ट करून मुक्या जिवाला तसेच ठेवणे जड जाते, पण पर्याय नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानातला विमा असेल तर त्याचा दावाही याच बिल्ल्यावर चालतो. 2024 पासून त्यात शेतकऱ्याचा वाटा हप्त्याच्या 15 टक्के आहे. तुटलेल्या तारेची तक्रार 1912 वर करावी आणि तार दुरुस्त होईपर्यंत ओल्या अंगणात गुरे सोडू नयेत.

दूध मात्र घरच्या चुलीनेच वाचते. वीज गेल्यावर दोन तास वाट पाहावी आणि कढई चढवावी. म्हशीच्या पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा उतरतो, उरलेल्याला विरजण लावून लोणी काढता येते. उशीर झाल्यास खवा होत नाही. आंबलेले दूध कढईतच फाटते.