कोयत्याचे लोखंड

खंडेनवमी आली की आपल्या बीड जिल्ह्यात घरोघर हत्यारे घासूनपुसून मांडतात. विळा, कुऱ्हाड, खुरपे आणि कोयता. त्यांना हळदकुंकू वाहतात, झेंडूचे फूल ठेवतात. मग दिवाळीच्या मागेपुढे तोच कोयता घेऊन माणसे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा मुकादमाचा हिशेब. माणसांच्या जोडीलाच हत्याराचे नाव पडले आहे.

हा पाठ त्या कोयत्यातल्या लोखंडाचा आहे. आमच्या धारूरच्या डोंगराखालच्या गावी रात्रीच्या वर्गात मी तो एकदा शिकवला आणि पुरता चुकलो. ती गोष्ट आधी सांगतो.

वर्गाला एक आजी येत. सत्तरी उलटलेली. अंगठा सोडून सही करायची एवढीच त्यांची हौस. तरुणपणी त्यांनी ऊस तोडला, पुढे गावात सुईणपण केले. खंडेनवमीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी फळ्यावर ‘लोखंड’ हा शब्द लिहिला आणि बोलता बोलता म्हणालो, “लोखंड हा एक धातू आहे. त्यात देव नाही. कुंकवाने धार येत नाही, धार येते कानशीने.” पोरे हसली. आजी हसल्या नाहीत. पाटी उचलून त्या घरी गेल्या आणि नंतर पंधरा दिवस आल्याच नाहीत.

मंडळी, मी जे बोललो ते खोटे नव्हते. पण मी निम्मेच सांगितले होते. राहिलेले निम्मे आता वाचा.

लोखंड खाणीतून येते हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या राज्यात गडचिरोलीकडे सुरजागडला अशी खाण आहे. पण खाणीत ते आले कुठून? जमिनीबरोबर आले. आणि जमिनीत? याचे उत्तर शोधायला आभाळाकडे पाहावे लागते.

आपला सूर्य हाही एक तारा आहे. त्याच्या पोटात हायड्रोजन नावाच्या वायूचे हेलियम होते आणि त्यातून ऊन निघते. ते ऊन आपल्या अंगणात पोचायला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. सूर्याच्या भट्टीत लोखंड होत नाही, तेवढी ती तापत नाही. सूर्याच्या आठ-दहा पटींहून जड असे जे तारे असतात, त्यांच्या पोटात एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे असे पदार्थ शिजत जातात आणि शेवटी लोखंड होते. लोखंड झाले की भट्टी विझते, कारण लोखंडातून पुढे आच मिळत नाही. मग तारा आपल्याच वजनाने आत कोसळतो आणि फुटतो. त्याचे तुकडे सगळ्या आकाशात उधळतात. दुसऱ्याही एका जातीचे तारे फुटून पुष्कळ लोखंड तयार होते. त्या राखेतून पुढे नवे सूर्य, नव्या पृथ्व्या होतात. आपली पृथ्वी अशीच सुमारे साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी झाली.

ही कल्पना नव्हे, हिशेबाने काढलेली गोष्ट आहे. फ्रेड हॉइल या इंग्रज शास्त्रज्ञाने आणि त्याच्या तिघा सोबत्यांनी 1957 साली ती सविस्तर मांडली. हे हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू. नारळीकर कोल्हापुरात 1938 साली जन्मले, केंब्रिजला शिकले, परत आले आणि पुण्याला त्यांनी खगोलशास्त्राची मोठी संस्था उभी केली. एवढा मोठा माणूस, पण मराठीत साधे सोपे लिहीत असे. 2025 साली ते वारले.

तारा फुटताना माणसांनी पाहिलेला आहे. 1054 साली वृषभ राशीत एक तारा एवढा उजळला की चीनमधल्या लोकांना तो तेवीस दिवस भर दिवसा दिसत होता. तेव्हा ज्ञानेश्वर महाराजांच्या जन्माला दोनशे वर्षांहून अधिक अवकाश होता.

आता आजींकडे येतो. दिवाळीनंतर मी त्यांच्या घरी गेलो. लेक आणि जावई तोडीला गेले होते. घरात आजी आणि त्यांची नातसून. नातसुनेला सहावा महिना, म्हणून ती यंदा मागे राहिलेली. पोरगी पांढरी फटक दिसत होती, दोन पायऱ्या चढली तरी धाप लागे. नर्सबाईंनी रक्त तपासून लोखंडाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांची पट्टी देवळीत जशीच्या तशी पडलेली. का, तर आजींनी घेऊ दिल्या नाहीत. “गोळीनं लेकरू काळं होतं,” म्हणाल्या.

मी आधी माझ्या बोलण्याची माफी मागितली. मग वर लिहिले ते सगळे त्यांना सांगितले. आणि पुढे हेही सांगितले, की माणसाच्या अंगात तीन-चार ग्रॅम लोखंड असते, एका लहान खिळ्याएवढे. रक्त त्याच्यामुळे लाल दिसते आणि त्याच्याच बळावर ते श्वासातली हवा अंगभर नेते. ते कमी पडले की धाप लागते, चक्कर येते, आणि बाळंतपणात रक्त गेले तर बाई हाताची जाते. हे आजींना मी सांगायला नको होते. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिले होते. गोळीने शौच काळे होते, लेकराचा रंग बदलत नाही. जेवणानंतर लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यावी. तिच्यावर लगेच चहा पिऊ नये, चहाने लोखंड अंगी लागत नाही.

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हंजे कोयत्यात, गोळीत आन् हिच्या रगतात येकच?”

“एकच. आणि तिन्ही चांदणीतून आलेले.”

“मग कुंकू लावायचं का न्हाई?”

खरे सांगतो, मला उत्तर सुचेना. तेव्हा त्याच बोलल्या. “मास्तर, म्या शंभरावर बाळंतपणं केली. नाळ कुठं बांधायची, कशी कापायची, समदं ठावं. तरी दर बारीला लेकरू रडलं की हात आपसूक जुळायचे. ठावं हाय म्हणून जुळायचं थांबलं न्हाई.”

मी शाळेत छत्तीस वर्षे शिकवले, पण हे मला कोणी असे सांगितले नव्हते.

त्या रात्री दहाच्या सुमारास आजींनी मला अंगणात बोलावले. पूर्वेला तिकांडे वर आले होते, तीन चांदण्या एका रांगेत. तोडीला जाणारे पहाटेची वेळ त्याच्यावरून ओळखतात. त्याच्या डाव्या हाताला एक तांबूस तारा आहे, तो आर्द्रेचा. तो फार मोठा आणि म्हातारा झालेला आहे, पुढे कधीतरी फुटणार. उद्या की लाख वर्षांनी, ते सांगता येत नाही. त्याचा जो उजेड आज आपल्या डोळ्यांत पडतो, तो निघाला तेव्हा पैठणचे एकनाथ महाराज जन्मायचे होते. लोखंड अशाच ताऱ्यांच्या पोटात शिजते.

आजींनी डोळ्यांवर हात धरून पाहिले. “ह्योच व्हय?” म्हणाल्या आणि हात जोडले. मग आत हाक मारली, “ए पोरी, गोळी घेतली का? लिंबू कापून ठिवलंय बघ.”

दुसऱ्या दिवशी त्या वर्गाला आल्या. फळ्यावर मी पुन्हा ‘लोखंड’ लिहिले. त्यांनी ते पाटीवर काढले, ‘खं’वरचा टिंब मात्र विसरल्या. मी तो दाखवला, तेव्हा म्हणाल्या, “चांदणी ऱ्हायली व्हय,” आणि टिंब दिला.